चाकू कुठं थांबवायचा

घोडीचा डावा पुढचा पाय चाचांनी दोन गुडघ्यांत धरला होता आणि खूर तासायचा वाकड्या टोकाचा चाकू तळव्यावरच्या एका काळ्या रेघेमागं हळूहळू चालला होता. रेघ केसाएवढी. कडेच्या पांढऱ्या रेघेत सुरू झालेली आणि तिथून आत शिरलेली. एकेक सालपट निघत होतं, पातळ आणि ओलसर, आणि प्रत्येक सालपटाबरोबर मला वाटत होतं, आता येईल, आता पू दिसेल. मी घोडीचं डोकं धरून मान वाकवून बघत होते. तिचा गरम श्वास माझ्या खांद्यावर येत होता. रेघ अजून आत जात होती, मला ती स्वच्छ दिसत होती. तेवढ्यात चाचांनी चाकू बाहेर घेतला, पुसला, पाय अलगद खाली सोडला आणि म्हणाले, "आज इथंच, ताई."

ते ‘आज इथंच’ पुढं बरेच दिवस मला टोचत राहिलं. चाचांच्या हाताबद्दल तेव्हाही शंका नव्हती, आजही नाही. इतकी वर्षं नाल ठोकणाऱ्या माणसाला खुराची जाडी नुसत्या अंगठ्याच्या दाबावरून कळते. पण समोर एक जनावर पाय टेकवू शकत नाही, दुखणं कुठं दडलंय ते जवळजवळ हाताला लागलंय, हत्यार हातात आहे, आणि माणूस थांबतो. त्या दुखण्यात आम्ही जे जे केलं त्यातलं बरंचसं आता पुसट झालंय. हे न केलेलं तेवढं लख्ख आठवतं.

आदल्या संध्याकाळी ती ठणठणीत होती. सकाळी तबेल्याच्या दारातूनच काहीतरी बिनसलंय हे कळलं, कारण पावलं वाजली तरी ती पुढं आली नाही. कोपऱ्यात उभी होती, डाव्या पायाचं नुसतं टोक जमिनीला लावून, टाच उचललेली. कान सैल बाजूला पडलेले, नाकपुड्या ताणलेल्या, काखेत घामाचा ओला पट्टा. चालवून बघायचा प्रश्नच नव्हता. एरवी बारीक लंगडं ओळखायचं तर घोडं दुडकीवर सोडून त्याची मान बघतात. दुखरा पुढचा पाय टेकला की मान वर जाते, चांगला टेकला की खाली येते. इथं मान बघायची गरजच नव्हती. मी एक पाऊल मागं ढकललं तर तिनं तो पाय जमिनीवर ठेवलाच नाही, तिन्ही पायांवर उडी मारून वळली.

पाय मोडला, हेच पहिल्यांदा मनात येतं.

मग हात खांद्यापासून खाली उतरवत न्यायचा. घाई करायची नाही, कारण घाबरलेल्या माणसाच्या हाताला सगळंच सुजलेलं आणि सगळंच गरम लागतं. खांदा, कोपर, गुडघा, नळी, मागची शीर, कुठं गाठ आहे का, कुठं ती दचकते का. कुठंच काही नव्हतं. घोट्याशी मात्र बोटं थांबली. घोट्याच्या मागं दोन्ही बाजूंना, कातडीच्या अगदी खाली, खुराकडं जाणाऱ्या धमन्या असतात. निरोगी पायात त्यांची नाडी सापडता सापडत नाही, बोटं हलकी ठेवून धीरानं वाट पाहावी लागते. जोरात दाबलं तर धमनी बंद होते आणि काहीच कळत नाही. तिच्या त्या पायात नाडी माझ्या बोटांवर आदळत होती. उजव्या पायात शोधून काढावी लागली. इथं ठोके मोजायचे नसतात, त्यांचा जोर बघायचा असतो, आणि तो एका पायाचा दुसऱ्याशी ताडून बघायचा असतो. खुरावर हाताची उलटी बाजू ठेवली, डावा खूर गरम लागला. एकट्या उष्णतेवर मी फारसा भरवसा ठेवत नाही, कारण उन्हात उभ्या असलेल्या घोड्याचा कुठलाही खूर गरम लागतो. पण ती सावलीत होती, आणि सोबत ही नाडी होती. पोटातला गोळा किंचित सैल झाला. दुखणं खाली आहे, खुरात आहे. मोडलं नसेल.

‘नसेल’ एवढंच. त्याच्या पुढं स्वतःला जाऊ द्यायचं नाही, असं डॉक्टरांनी फोनवर बजावलं होतं. "गळू समजून तयारीला लागा," त्या म्हणाल्या, "पण गळूच आहे असं अजून कुणाला सांगू नका. स्वतःलासुद्धा." अचानक, एका रात्रीत, पाय टेकवता न येण्याइतकं लंगडं आलं तर बहुतेक वेळा ते खुरातलं गळूच निघतं. पण खुरातल्या हाडाला चीर गेली तरी घोडं असंच उभं राहतं, आणि ती चीर कधीकधी पहिल्या एक्स-रेत दिसतही नाही, आठवड्या-दोन आठवड्यांनी पुन्हा फोटो काढावा लागतो. खुरात हाड धरून ठेवणाऱ्या पडद्यांना सूज आली तरी नाडी अशीच उसळते, पण ती बहुधा एकाहून अधिक पायांत. आणि खिळा घुसला असेल तर ती वेगळीच गोष्ट. त्यांनी पहिला प्रश्न तोच विचारला: तळव्यात काही रुतलेलं दिसतंय का? दिसलं तर उपटू नका. खिळा जागेवर ठेवून एक्स-रे काढला तर तो कुठवर आणि कुठल्या दिशेनं गेलाय ते कळतं. आधीच उपटला तर भोक मिटून जातं आणि खोलीचा अंदाज राहत नाही. घोडं त्यावर वजन टाकून तो आणखी आत रुतवत असेल तर मात्र काढावाच लागतो, आणि मग जागा, दिशा, खोली खूण करून ठेवायची. तळव्याच्या मधोमध जो रबरासारखा त्रिकोणी भाग असतो, त्याच्या आसपास खोल घुसलेला खिळा आतल्या सांध्यापर्यंत, स्नायू हाडाला जोडणाऱ्या मोठ्या कंडरेपर्यंत पोचू शकतो. तिथं पोटीस बांधून वाट बघत बसणं म्हणजे घोडा गमावणं.

रुतलेलं काही नव्हतं. मी ब्रशनं तळवा धुऊन, कोरडा करून, उजेडात पुन्हा पुन्हा पाहिला.

एवढं छोटं गळू एवढ्या मोठ्या जनावराला तीन पायांवर का आणतं, हे ज्याचं बोट कधी दारात चिमटलंय त्याला सांगावं लागत नाही. नखाखाली रक्त साकळतं, नख काही वर उचललं जात नाही, आणि रात्रभर तो ठणका झोपू देत नाही. घोड्याचं अख्खं पाऊल अशाच एका नखात आहे आणि त्या नखावर तो उभा असतो. शरीराच्या वजनाचा निम्म्याहून जास्त भार पुढच्या दोन पायांवर. आत पायाचं शेवटचं हाड खुराच्या भिंतीला टांगलेलं असतं, साधारण ६०० नाजूक पडद्यांनी, आणि त्या प्रत्येकाला पुन्हा शंभराहून अधिक बारीक पदर. बाहेर शिंगासारखं कठीण कवच, आत हे मखमली जिवंत मांस, नसांनी आणि रक्तानं भरलेलं. मधे चमचाभर पू झाला तरी त्याला फुगायला जागा नाही. शरीरावर दुसरीकडं गळू झालं तर कातडी ताणते, वर येते, तोंड धरते. खुरात ताणायला काही नाही. पू मग वाट शोधतो, आणि जिथं धरून ठेवणारं सगळ्यात कमकुवत असेल तिथनं जातो: तळव्याच्या आणि मांसाच्या मधून टाचेकडं, नाहीतर भिंतीच्या आतून वर, जिथं खूर संपून केस सुरू होतात त्या कडेपर्यंत. या प्रवासातला प्रत्येक ठोका ते जनावर सोसतं.

आत शिरायला मात्र काहीच लागत नाही. भिंत आणि तळवा जिथं जुळतात ती पांढरी रेघ खरं तर पिवळट असते आणि खुराच्या मानानं मऊ. कोरड्या दिवसांत खूर आक्रसतो, बारीक भेगा पडतात. मग पाऊस येतो, चिखलात तोच खूर भिजून मऊ होतो, आणि भेगेतून घाण आत जाते. एखादा खडा रुतून बसतो. नालेचा खिळा मांसाला लागतो, किंवा न लागताही इतका जवळून जातो की आतून दाब देत राहतो. कधी नुसता दगडावर तळवा ठेचतो आणि साकळलेलं रक्त नासतं. जुनी माणसं म्हणायची की खडाच तळव्यातनं शिरतो आणि चढत चढत वर केसांशी बाहेर पडतो. खडा चढत नाही, पू चढतो. पण ज्यांनी एक्स-रे कधी पाहिला नाही त्यांनी वाट मात्र बिनचूक ओळखली होती, याचं मला फार अप्रूप वाटतं.

चाचा आले तेव्हा त्यांनी आधी उजवा, चांगला पाय उचलला. खूर दाबून पाहायची मोठी पक्कड त्यावर फिरवली, थोड्याथोड्या अंतरावर, सारख्या जोरानं. घोडी शांत. "हिचं नेहमीचं कसं आहे ते आधी कळायला हवं," ते म्हणाले. काही घोडी पक्कड लागली की उगाचच पाय ओढतात, काही दुखलं तरी गप्प राहतात. मग डावा. टाचेपासून सुरुवात, आतली बाजू, पुढं. काही नाही, काही नाही, आणि बाहेरच्या अंगाला, टोकाच्या थोडं अलीकडं, पाय असा झटकला गेला की चाचा मागं सरले. पुन्हा एकदा तिथंच, अर्ध्या जोरानं. पुन्हा झटका. त्यांनी खडूनं खूण केली, तिथला वरचा मळकट थर खरवडला, आणि ती काळी रेघ सापडली. पुढचं वर सांगितलंच आहे.

ते का थांबले हे त्यांनी समजावून सांगितलं नाही, दाखवलं. अंगठा तळव्यावर ठेवून म्हणाले, दाबा. मी दाबला. तळवा किंचित लवला. "याच्या खाली आता पातळ आहे. पुढचं सालपट रक्ताचं निघेल." पुवापर्यंत पोचायला नखाच्या टोकाएवढं भोक पुरतं, आणि ते पांढऱ्या रेघेत, कडेला असावं. तळव्यात मोठं तोंड केलं तर आतलं मांस त्या भोकातून बाहेर फुगतं आणि कडेवर चिमटतं. मग गळू राहतं बाजूला आणि त्या मांसाचंच दुखणं महिनोन्‌महिने पुरतं. हे मी पाहिलेलं आहे. लहानपणी आमच्याकडं एक म्हातारा घोडा होता, पांढऱ्या पायांचा. त्याच्या गळूवर एकानं मोठ्या आत्मविश्वासानं रुपयाएवढी खिडकी पाडली होती. त्या दिवशी पू निघाला, सगळ्यांनी वाहवा केली. पण नंतर त्या खिडकीतून लालभडक मांसाचा गोळा वर आला, आणि त्या घोड्याला पट्ट्या बांधताना वडिलांचा चेहरा कसा व्हायचा ते मला आजही दिसतं. रोगापेक्षा इलाज भयंकर, हे वडील तोंडानं कधी म्हणाले नाहीत. नुसते बांधत राहायचे. म्हणजे चाचा का थांबले हे मला माहीत असायला हवं होतं, आणि होतंही. तरी घोडीचा तो उचललेला पाय बघून आतून एकच वाटत होतं, अजून थोडं, चाचा, अजून थोडंच.

कळवळ्याला शहाणपण नसतं, आणि ते त्याच्याकडून मागूही नये. दुसऱ्याचं दुखणं बघवत नाही म्हणून आपण जे करायला धावतो, त्यातलं किती त्याच्यासाठी असतं आणि किती स्वतःची घालमेल थांबवण्यासाठी, हे त्या रात्री पोटीस बांधताना मी पुष्कळदा स्वतःला विचारलं.

पोटीस बांधणं हे हातांना काम देणारं काम आहे, त्या दृष्टीनं फार बरं. आधी कोमट पाणी, हाताला सोसेल एवढंच, त्यात विरघळेल तेवढं एप्सम सॉल्ट. पाय बादलीत वीसेक मिनिटं ठेवायचा. घोडी पाय आत ठेवायची, दोन मिनिटं विचार करायची, आणि बादली उलटी करायची. पुन्हा पाणी. तिसऱ्या वेळी मी पसरट रबरी घमेलं आणलं, ते मात्र तिला चाललं. कोमट पाण्यात तिची पापणी हळूहळू जड झाली, खालचा ओठ सैल पडला. भिजलेल्या खुराचा एक वास येतो, जळक्या शिंगाचा आणि ओल्या मातीचा मिळून. मग पाय कोरडा करून तळव्यावर पोटीस, त्यावर लहान मुलांचा डायपर, त्यावर चिकटपट्टीचे थर, आडवे-उभे, टोकाला दुप्पट कारण तिथंच झिजतं. पट्टी खुरावरच राहिली पाहिजे. केसांच्या कडेवर आवळून चढली तर रक्त अडतं आणि नवीनच जखम होते. रोज सोडायची, बघायची, वास घ्यायचा, पुन्हा बांधायची.

डॉक्टर येऊन तपासून गेल्या. चाचांनी जिथं थांबवलं होतं ते बघून म्हणाल्या, मीही इथंच थांबले असते. धनुर्वाताच्या लशीची तारीख त्यांनी आधी विचारली, कारण जनावरांमध्ये घोड्याइतकं धनुर्वाताला पटकन बळी पडणारं क्वचितच कुणी, आणि मातीत रुतणारा, हवा न पोचणारा खूर त्या जंतूंना फार मानवतो. अँटिबायोटिक दिलं नाही. कोंडलेल्या पुवापर्यंत रक्तातनं औषध धड पोचत नाही, आणि पू निघाला की बहुधा त्याची गरजही राहत नाही. वेदनाशामक दिलं. यावरून मतभेद आहेत. दुखणं दबलं की लंगडं झाकलं जातं, मग गळू पिकलं का फुटलं कळत नाही, असं चाचांचं म्हणणं. माझं मन इथं सरळ डॉक्टरांच्या बाजूनं आहे. एवढं मोठं दुखणं बघून बघून अंदाज बांधायचा, त्यापेक्षा नाडीवर बोट ठेवून बांधावा.

त्यातून तीन पायांवर उभं राहणं घोड्याला परवडत नाही. एक पाय उचलला की जोडीच्या दुसऱ्या पायावर दुहेरी भार येतो, आणि तो फार दिवस राहिला तर त्या चांगल्या खुरातले पडदेच सुजून हाडापासून सुटू लागतात. बार्बारो या अमेरिकी शर्यतीच्या घोड्याची गोष्ट घोड्यांच्या माणसांना विसरता येत नाही. २००६ ची केंटकी डर्बी जिंकून दोनच आठवड्यांनी प्रीकनेसच्या शर्यतीत त्याचा उजवा मागचा पाय मोडला. शस्त्रक्रिया झाली, हाड बरंचसं जुळून आलं. पण डाव्या, न मोडलेल्या पायाचा खूर आतून सुटला, आणि २९ जानेवारी २००७ ला त्याला कायमचं झोपवावं लागलं. गळू हे मोडलेल्या पायाच्या मानानं किरकोळ, चारदोन दिवसांचं. तरी मी रोज तिच्या चांगल्या पायाची नाडी आधी बघत होते. जमिनीवर भुशाचा जाड थर पसरला होता, म्हणजे तिला आडवं व्हावंसं वाटावं. ती झाली आडवी, आणि तिला पसरलेली बघून धस्स होण्याऐवजी बरं वाटलं असं पहिल्यांदाच झालं.

मग एका सकाळी ती चारही पाय टेकवून उभी होती.

पट्टी सोडली तर डायपर कोरडा. तळव्यातल्या भोकातून काहीच आलं नव्हतं. टाचेच्या मऊ गोलाव्यावर मात्र, केसांच्या अगदी कडेला, एक ओली फट पडली होती आणि तिच्यातून राखाडी-काळं पाणी ओघळत होतं. दाट पिवळ्या पुवाची मी वाट बघत होते, पण खुरातला पू पुष्कळदा असाच पातळ आणि काळा येतो. वास मात्र चुकत नाही, सडका, गोडसर, नाकात बसणारा, कपड्यांना दिवसभर राहणारा. इतका घाण वास मला इतका हवाहवासा कधी वाटला नव्हता. दुखणं हत्तीच्या पावलानं येतं आणि मुंगीच्या पावलानं जातं म्हणतात. खुरातलं गळू येताना हत्ती असतं खरं, पण जाताना ते असं एका रात्रीत उठून जातं. मुंगीची पावलं नंतर सुरू होतात. ती फट आता खुराबरोबर खाली सरकते आहे, भिंतीवर एक आडवी चीर होऊन. खूर महिन्याला सेंटीमीटरहून थोडा कमीच वाढतो, त्यामुळं टाचेची चीर काही महिन्यांत तासली जाते. पुढं टोकाशी फुटलं असतं तर वर्षभर तरी लागलं असतं.

पू गेला तरी भोक कोरडं आणि झाकलेलं ठेवावं लागतं, आतला तळवा पुन्हा कठीण होईपर्यंत. पू निघूनही दोन-तीन दिवसांत लंगडं कमी झालं नाही, तर आत आणखी एक कप्पा राहिलाय किंवा हाडापर्यंत गेलंय असं धरून एक्स-रे काढायचा. आणि तेच गळू त्याच जागी पुन्हापुन्हा आलं तर नुसता पू काढून समाधान मानायचं नाही. आत शिंगाचीच गाठ वाढत असू शकते, किंवा म्हातारपणी पिट्युटरी ग्रंथी बिघडून अंगाची झुंजच कमी झालेली असू शकते. आमच्या घोडीचं अजून तरी एकदाच झालंय. डॉक्टरांनी वयाकडं बघून रक्त तपासायला सांगितलंय, ते या महिन्यात करायचं आहे.

बादलीच्या बाबतीत मात्र चाचांचं आणि माझं अजून जमलेलं नाही. त्यांच्या मते पाण्यात बुडवणं पहिले एक-दोन दिवस ठीक, त्यानंतर खूर भिजून लिबलिबीत होतो, नालेचे खिळे धरत नाहीत, आणि ज्या ओलीनं गळू झालं तीच आपण हातानं देत राहतो. तोंड पडल्यावर कोरडं बांधा, म्हणतात. डॉक्टरही हल्ली बुडवण्यापेक्षा पोटिसावरच भर देतात. त्यांचं खरं असणार. पण त्या घमेल्यात उभी असताना घोडीच्या मानेतला ताठरपणा कसा उतरत गेला, डोकं माझ्या कुशीत कसं जड होत गेलं, हे मी हातानं अनुभवलंय. पुढच्या वेळी, अशी वेळ आलीच तर, दोन दिवस तरी मी पाणी तापवणार आहे, आणि तसं चाचांना सांगूनही ठेवलंय.